दान पारमिता आणि मुठीचा तांदूळ

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'दान पारमिता' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे आणि आमचा अभ्यास थोडा आहे. पूज्य भन्तेजी वर्षावासात दानावर बोलले तेव्हा त्यांनी दानाचे प्रकार, दानाची फळे, दान कोणाला द्यावे, केव्हा द्यावे हे सर्व क्रमाने सांगितले होते. ते आम्ही पुन्हा सांगणार नाही. आम्हाला आपल्या वस्तीची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगायची आहे. चूक सांगायला वर्धापनदिनाचा दिवस कशाला, असे काहींना वाटेल. परंतु एवढी माणसे एका ठिकाणी वर्षातून दोन-तीनदाच जमतात.

विहाराच्या दाराजवळ उजव्या हाताला संगमरवरी पाटी आहे. येताना सर्वांनी पाहिलीच असेल. तिच्यावर दानदात्यांची नावे आणि नावापुढे रक्कम आहे. ज्याने जास्त दिले त्याचे नाव वर, कमी दिले त्याचे खाली, आणि एका ठराविक रकमेच्या आतल्या लोकांची नावे नाहीतच. पाटी लावली तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण हे विहार आज जसे दिसते तसे पहिल्यापासून नव्हते. आधी कुडाच्या भिंती होत्या, वर कवेलू होते, पावसाळ्यात अर्ध्या जागेत बादल्या ठेवाव्या लागत. ते पहिले विहार कशाने उभे राहिले, हे साठीच्या पुढच्या माणसांना विचारा. ते मुठीच्या तांदळाने उभे राहिले.

नव्या पिढीला मुठीचा तांदूळ ठाऊक नाही म्हणून सांगतो. घरातली बाई सांजच्याला स्वयंपाकाला तांदूळ काढायची, तेव्हा भांड्यातून एक मूठ परत घेऊन वेगळ्या मडक्यात टाकायची. भाताला कमी पडले तर पडले, मूठ मात्र चुकायची नाही. महिन्याकाठी एका घरचे दीड-दोन किलो व्हायचे. पौर्णिमेला वंदना झाली की सगळी मडकी विहारात यायची. पायलीने मोजून तांदूळ एका पोत्यात जायचा, मग तो विकून वासे आले, कवेलू आले, पुढे विटा आल्या. आपला हा भाग धानाचा. बांधीत रोवणी करणारे हात बहुतेक आपल्याच बायांचे. पण ज्या घरात बारा महिने पुरेल एवढा तांदूळ होता अशी घरे वस्तीत हातावर मोजण्याइतकी होती. म्हणजे ती मूठ उरलेल्यातली नव्हती, जेवणाऱ्याच्या ताटातली होती. त्या बायांपैकी एकीचेही नाव पाटीवर नाही. कसे असणार? तांदळाची पावती कोणी फाडली नव्हती.

याच्याही मागे जाऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि १६ ऑक्टोबर १९५६ ला ते आपल्या चंद्रपूरला आले. त्या वेळी आपण चांदा म्हणत असू. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तो सोहळा झाला. नागपूरनंतर बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली ती आपल्या जिल्ह्याच्या मातीत, म्हणून आजही १५-१६ ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन साजरा होतो आणि आपल्या वस्तीतून गाड्या भरून जातात. तेव्हा मात्र बंड्या जुंपून, नाही तर पायी, लोक गेले. ऑक्टोबरचा महिना, धान बांधीत उभा, हलका धान कापणीला आलेला. मजुरीचे दिवस बुडवून लोक गेले.

आमच्या घरात त्या दिवसाची एक आठवण सांगतात. दीक्षेला पांढरी वस्त्रे घालून यायचे असे ठरले होते. आमच्या आजीकडे पांढरे लुगडे नव्हते. शेजारणीकडे एक होते. शेजारीण म्हणाली, "हे तू नेस, मी मागं राहतो, तुह्या माह्या दोघींच्याही लेकरायले पाहतो." आजी चांद्याला गेली, बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहून आली, आणि मरेपर्यंत तो दिवस सांगत राहिली. शेजारीण गेली नाही. पुढे तिनेही वस्तीत दीक्षा घेतली, पण बाबासाहेबांना पाहायचे तिचे राहून गेले ते राहूनच गेले, कारण ६ डिसेंबरला ते आपल्याला सोडून गेले. आजी सांगताना शेवटी एक वाक्य म्हणायची, "मी तिच्या डोयानं पाहून आलो." त्या शेजारणीने काय दिले याचा हिशोब कोणत्या पावतीपुस्तकात लिहायचा?

बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे आणि दान ही त्यांतली एक पारमिता. आपण प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हणतो. पण बाबासाहेबांनी दानाचा आकडासुद्धा सांगून ठेवला आहे, तो आपण हळूच विसरतो. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी देण्याचा निश्चय करावा. विसावा हिस्सा म्हणजे शंभरात पाच. वीस पोती धान झाला तर एक पोते. हा हिशोब नोकरदारांना उद्देशून वेगळा आणि मजुराला उद्देशून वेगळा असा नाही. ज्याचे जेवढे, त्यातले तेवढे.

आणि जो माणूस हे मागत होता तो घेतलेले विसरणारा नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला शिकायला गेले. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. इंग्लंडला राहिलेले शिक्षण पुरे करायचे तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राने पैसे उसने दिले. हे आपल्याला माहीत आहे, कारण ते लपवून ठेवलेले नाही. महात्मा फुल्यांची आणि त्यांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता; फुले गेले १८९० साली, बाबासाहेब जन्मले १८९१ साली. तरी १९४६ चा 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांनी फुल्यांच्या स्मृतीला अर्पण केला. पाकिस्तानवरचा ग्रंथ माता रमाईच्या स्मृतीला अर्पण केला आणि तिने आपल्याबरोबर काय काय सोसले ते त्या अर्पणपत्रिकेत लिहिले. जगातल्या राजकारणावरचा एवढा जाड ग्रंथ, आणि पहिल्या पानावर घर चालवणारी बाई! आम्हाला त्या ग्रंथातले सगळे समजले असे म्हणणार नाही, पण पहिले पान समजले.

भगवंतांनी एका ठिकाणी सांगितले आहे की जगात दोन प्रकारची माणसे दुर्मिळ असतात. एक जो आधी उपकार करतो, त्याला पालीत पुब्बकारी म्हणतात. दुसरा जो केलेले जाणतो आणि जाणल्याप्रमाणे वागतो, तो कतञ्ञू कतवेदी. यात दोन शब्द आहेत हे लक्षात घ्या. कतञ्ञू म्हणजे जाणणारा आणि कतवेदी म्हणजे ते वागण्यातून दाखवणारा. आपण बहुतेक जण पहिल्या शब्दावर थांबतो. जयंतीला हार घालतो, डोळ्यांत पाणी आणतो, घरी येतो.

आता आमची चूक. वस्तीतली पोरे शिकली, कोणी मास्तर झाले, कोणी वनखात्यात लागले, कोणी नागपूर-चंद्रपूरला गेले. चांगले झाले. मग समितीत आमच्यासारखे लोक आले आणि आम्ही ठरवले की हे मडके, पायली, पोते हे आता शोभत नाही. प्रत्येक घरामागे महिन्याची वर्गणी ठरवली, पावतीपुस्तक छापले, बँकेत खाते काढले, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या लागतील असा नियम केला. हिशोब चोख झाला, ते नाकारत नाही. पण ज्या घरांना महिन्याची वर्गणी जमेना ती घरे पौर्णिमेला मागच्या बाजूला बसू लागली, नंतर येईनाशी झाली. ज्या बाया आधी डोक्यावर मडके घेऊन ताठ मानेने यायच्या, त्यांच्याकडे आता आम्ही 'थकबाकीदार' म्हणून पाहू लागलो. आम्हाला वाटले आपण विहार सुधारले.

मग २०२० साल आले. आपल्या तालुक्यातून, तसेच मूल, सावली, गोंडपिपरी आणि नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातून, दरवर्षी किती माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात ते तुम्हाला सांगायला नको. धान निघाला की इकडे हाताला काम नसते. जानेवारी-फेब्रुवारीत नवरा-बायको लेकरे घेऊन जातात, मिरची संपली की परततात. त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सारा देश बंद झाला आणि माणसे तिकडेच अडकली. रेल्वे नाही, बस नाही. कितीक जण कडेवर लेकरू आणि डोक्यावर गाठोडे घेऊन, जंगलाच्या वाटांनी, रात्रंदिवस चालत निघाले.

आपल्याकडेही काही कुटुंबे आली. त्यांना गावाबाहेर शाळेत चौदा दिवस ठेवले. त्यांच्यात आपले होते, इतर समाजाचे होते, गोंड बांधव होते. पहिल्या रात्री त्यांना जेवण द्यायचे तर आम्ही विहारात बसलो आणि आम्हाला कळले की आमच्याजवळ काहीच नाही. पासबुकात रक्कम होती. पण सही करणारे एक जण नागपूरला अडकलेले. कोणाच्या खिशात रोख नव्हती, दुकाने ठराविक वेळेलाच उघडी. पावतीपुस्तक होते, शिक्का होता, तांदूळ नव्हता. ज्या विहारात एके काळी पोती होती त्या विहारात एक मूठ तांदूळ नव्हता.

तेव्हा वस्तीच्या टोकाला राहणारी एक आजी आली. तिचे नाव सांगत नाही, तिने बजावले आहे. एकटीच राहते, निराधार योजनेचे पैसे आणि रेशनचा तांदूळ यावर चालते. आमच्या वहीत वर्षानुवर्षे तिच्या नावापुढे थकबाकी होती. तिने नातवाच्या डोक्यावर मडके दिले होते आणि दुसरे स्वतः कडेवर आणले होते. आम्ही मुठीचा तांदूळ बंद केला हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, किंवा सांगितले असेल आणि तिने मानले नव्हते. मडके भरले की ती घरीच डब्यात ओतून ठेवायची, निंबाचा पाला घालून. तिने मडके खाली ठेवले आणि संकोचून म्हणाली, "कनकी हाये जी थोडी यात. निवडून घ्या."

बंधू-भगिनींनो, येथे आम्हाला भगवंतांच्या काळातली एक गोष्ट आठवते. अनाथपिंडिक, ज्याने जेतवन दिले, त्याच्यावर पुढे हलाखीचे दिवस आले असे सांगतात. भगवंतांनी त्याला विचारले, घरी दान होते ना? तो म्हणाला, होते, पण तुकडा तांदळाच्या पेजेचे आणि सोबत आंबट कांजीचे. पालीत त्या पेजेला कणाजक म्हणतात. आम्हाला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा आम्ही चमकलो. कण म्हणजे आपली कनकीच! आणि आंबट कांजी म्हणजे आपली आंबील म्हणा. म्हणजे श्रावस्तीच्या त्या श्रेष्ठीच्या ताटात त्या दिवशी तेच होते, जे पोंभुर्ण्याच्या वस्तीत असते. भगवंतांनी त्याला सांगितले की दान जाडेभरडे असो की उंची, ते कसे दिले ते पाहावे. मान ठेवून दिले का, आपल्या हाताने दिले का, टाकून दिल्यासारखे तर नाही ना दिले. आम्ही त्या रात्री कनकी निवडली नाही. तशीच शिजवली. शाळेच्या कुंपणाबाहेरून पातेले आत सरकवले.

दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून मूठ यायला लागली. कोणी सांगितले नाही. वर्गणी न देणारी घरे सर्वांत आधी आली.

पण आमची खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली, आणि तिच्यात आम्ही नापास झालो. २०२१ साली मिरचीचा हंगाम करून माणसे परतली. तिकडे मजुरीत पैशाबरोबर मिरचीही मिळते. शाळेत राहिलेल्या त्या कुटुंबांपैकी एक बाई विहारात आली. ती आपल्या समाजाची नव्हती. तिने लाल मिरचीचे अर्धे पोते आणले होते. म्हणाली, "तुमच्या विहारासाठी." आम्ही मोठ्या मनाने म्हणालो, "नाही बाई, राहू द्या. तुम्हालाच लागेल. आम्ही काही परत मिळावे म्हणून केले नव्हते." आम्हाला वाटले आपण फार निर्मळ बोललो. दानाची फळे मागू नयेत, हेच तर शिकलो होतो. तिचा चेहरा मात्र पडला. ती पोते उचलू लागली.

ती आजी तिथे झाडत होती. तिने झाडू टाकला आणि आम्हाला अशी बोलली की वीस वर्षे समितीत काढलेल्या माणसांना मान वर करता येईना. "काहून जी? तुमी देनारे आन् ते निस्ती घेनारी? तिचा हात काय लहान हाये? तुमी घेनार नायी, त तिनं कोनाले देवाव?" आणि त्या बाईच्या हातातून पोते घेऊन स्वतः आत नेऊन ठेवले, तिला बसवले, पाणी दिले. बुद्धपौर्णिमेच्या भाजीत ती मिरची पडली. झणझणीत होती, हे खाणाऱ्यांना आठवत असेल.

आम्ही त्यानंतर पुष्कळ विचार केला. आम्ही नाही म्हणालो त्यात करुणा थोडी होती आणि ऐट जास्त होती. देणारा हात वर राहावा ही ती ऐट. आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे फक्त घेणारे करून ठेवले गेले. उरलेले, टाकलेले, वरून सोडलेले घ्यायचे. त्यांच्या हातचे मात्र कोणी घ्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. धम्म घेतल्यावर आपण पहिल्यांदा देणारे झालो. मुठीच्या तांदळाची खरी किंमत विटा-कवेलूंत नव्हती, ती यात होती. आणि तोच देण्याचा हक्क आम्ही वर्गणीची रक्कम ठरवून आपल्याच गरीब घरांकडून काढून घेतला, आणि त्या मिरचीवाल्या बाईकडूनही काढून घेत होतो.

जेतवनाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. सोन्याची नाणी अंथरून अनाथपिंडिकाने जागा घेतली, एवढी. तिचा शेवट कमी जण सांगतात. आणलेली नाणी अंथरून झाली तरी दाराजवळचा थोडा तुकडा उघडा राहिला. अनाथपिंडिकाने आणखी सोने आणायला माणसे पाठवायला सांगितले. त्याला कमी नव्हते. तेवढ्यात ज्याची बाग, तो राजपुत्र जेत म्हणाला, ही जागा झाकू नका, ही मला द्या, हे माझे दान असू द्या. आधी हाच जेत विकायलाही तयार नव्हता! अनाथपिंडिक म्हणू शकला असता, सगळे मीच देणार, नाव माझे एकट्याचे लागेल. त्याने तो तुकडा जेताला देऊ दिला, आणि जेताने तिथे दरवाजा बांधला. आजही आपण जेतवन म्हणतो. ज्याने सर्व जमीन सोन्याने झाकली त्याच्याआधी दारापुरता तुकडा देणाऱ्याचे नाव येते.

आता कामाचे बोलतो, कारण खिरीचे पातेले उतरल्याचा वास येतो आहे.

विहाराचे वरच्या मजल्याचे काम निघाले आहे. मुलामुलींना अभ्यासाला जागा हवी. घरी एका खोलीत सहा जण आणि टीव्ही, तिथे दहावीची पोर काय वाचणार? या कामाला पैसे लागणार, आणि नोकरदारांनी विसाव्या हिश्श्याची आठवण ठेवावी. ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांनी रोज एक तास पोरांजवळ बसावे. आपल्या वस्तीत नर्सबाई आहेत, मास्तर आहेत, गवंडी आहेत. गवंड्याचा एक दिवस हा कोणत्याही पावतीएवढा आहे.

नव्या मजल्याला नवी पाटी लावायची का, यावर आज सभेत चर्चा आहे. आमचे मत, पाटी नको. समितीत यावर एकमत नाही हेही सांगून टाकतो. काही जणांचे म्हणणे की नाव लागते म्हणून बाहेरगावचे लोक रक्कम देतात, आणि ते खोटे नाही. जुन्या पाटीच्या पैशातूनच स्लॅब पडला. मधला मार्ग म्हणून कोणी सुचवले की रकमा गाळून सर्व घरांची नावे लिहावी. तसे झाले तर आमची एकच विनंती आहे की घराच्या नावाने पुरुषाचे नाव न लिहिता मूठ टाकणाऱ्या बाईचे लिहावे. आणि १९५६ साली मागे राहिलेल्या त्या शेजारणीचेही. तिचे नाव आमच्या घरात माहीत आहे, आम्ही सभेत सांगू.

मडके मागच्या पौर्णिमेपासून पुन्हा बुद्धमूर्तीच्या डाव्या बाजूला ठेवले आहे. आज जे तांदूळ घेऊन आले आहेत त्यांनी खीर घेण्याआधी ते ओतून घ्यावेत. पायली आजीकडे आहे, मोजणार तीच आहे, आणि कनकी असली तर कोणी लाजू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!